अण्णाचा अर्धा राहिलेला धडा

प्रिय अण्णा,

क्लासमधून आले आणि चप्पलही न काढता लिहायला बसलेय. आज तुझा व्हिडिओ थोडक्यात वाचला रे!

वेब डेव्हलपमेंटचा तुझा शेवटचा धडा प्रकाश सरांना काढून टाकायचा होता. क्लास त्यांचा, त्यांना कोण अडवणार? "सुमा, हा माणूस चूक करतो आणि चहा पीत बसतो. कॉम्प्युटरच्या आवाजात नवीन करून घेऊ." हा माणूस! असा राग आला मला!

तुझी ती खोडच. प्रत्येक धड्यात मुद्दाम पान बिघडवायचं, "स्वल्प थांबा, तुम्हीच शोधा" म्हणायचं आणि गप्प राहायचं. एडिटिंगला बसून मी ती शांतता कापायला निघाले की तू माउस हिसकावून घ्यायचास. घरी मात्र बहिणीसमोर गप्प बसणं तुला कधी जमलं नाही!

शेवटच्या धड्यात तू केलेलं बटण दाबूनही चालेना. "शोधा" म्हणालास आणि उत्तराचा भाग रेकॉर्ड करायला उरलाच नाहीस. असं कुणी करतं का? दवाखान्यात उत्तर विचारलं तर नुसता हसलास.

आज हट्टानं तो धडा सरांसमोर नव्या बॅचला लावला. पीण्याच्या कारखान्यांत शिफ्ट करून आलेली मुलं, डोळे जड झालेले. तू गप्प झालास. तुझ्या कपाचा आवाज आला. एकानं मोबाइल काढला. सरांनी उठून माउसला हात घातला.

"सर, स्वल्प थांबा," मी म्हणाले. व्हिडिओ संपला. तरी कुणी बोलेना.

तेवढ्यात निपाणीची गीता ओरडली, "अक्का, बटण चालवणारी स्क्रिप्ट वर लिवलीय आणि बटण खाली! बटण पानावर यायच्या आधीच स्क्रिप्ट त्याला शोधतीय. गावंल कसं?"

तिनं आपल्या कॉम्प्युटरवर स्क्रिप्ट खाली नेली, बटण दाबलं. चाललं! सगळी पोरं तिच्याभोवती गोळा झाली.

सरांनी माउस सोडला. "सरी, बरं," म्हणाले, "राहू दे."

मी रडले, सगळ्यांसमोर.

अण्णा, पुढचा धडा मी करणार. पान बिघडवीन आणि गप्प बसेन. चहा मला आवडत नाही, तरी कप जवळ ठेवीन. पण तुझ्या धड्याला उत्तर कधीच जोडणार नाही, शब्द देते. पुढची पोरंही तुझं बटण स्वतःच चालवतील.

तुझी,
सुमा