दहा कुरुशांचा ढीग

करक, ९ फेब्रुवारी

प्रिय खौलाताई,

सलाम. मुलांचा खोकला उतरला असेल. इकडे थंडी हटत नाही. आईचे गुडघे दुखतात, पण ऑलिव्हचं तेल चोळू देत नाही. म्हणते, ते खायचं असतं.

तुझं पत्र मिळालं. "मोजताना चूक झाली एवढं दोन ओळींत लिहून दे, विषय संपेल," असं तू म्हणतेस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून सगळं लिहून कळवते.

माझ्या तिसरीच्या चौतीस मुली डिसेंबरपासून नाणी जमवत होत्या. शाळेमागच्या वस्तीत सहा म्हाताऱ्या एकट्या राहतात. त्यांना रॉकेलच्या शेगड्या घ्यायच्या होत्या. एक शेगडी पस्तीस दिनारांची. हातचा म्हणजे काय हे दर वर्षी मी घसा कोरडा होईपर्यंत सांगते. यंदा सांगावंच लागलं नाही. पाच कुरुशांची वीस नाणी झाली की दिनार, दहाची दहा झाली की दिनार. उरलेली बाजूला, पुढच्या वेळेसाठी. कधी नव्हे ती हनीनसुद्धा भागाकार करायला लागली. तिन्ही गटांनी वेगवेगळं मोजलं, तिन्ही वेळा एकच आकडा आला: दोनशे चौदा दिनार, पस्तीस कुरुश. सहा शेगड्या, आणि वर थोडं रॉकेल.

मुख्याध्यापिकांनी पिशवी वस्तीच्या मदत समितीकडे दिली. समितीचे अध्यक्ष तुझे यजमान, अबू मुंथर. समारंभात त्यांनी जाहीर केलं, "या चिमुकल्यांनी दीडशे दिनार जमवले." मंचावर चार शेगड्या होत्या. मागे त्यांच्या नावाचा मोठा फलक, टेबलावर कनाफ्याच्या मिठाईची ताटं.

बतूल उठली. नऊ वर्षांची पोर, नाक गळत होतं.

"अबू मुंथरकाका, चौसष्ट दिनार पस्तीस कुरुश कमी आहेत. म्हणजे दहा कुरुशांच्या नाण्यांचा आमचा चौसष्ट दिनारांचा अख्खा ढीग गेला, आणि वर पस्तीस कुरुश."

ते हसले. "बाळ, समारंभाला खर्च येतो. मोठ्यांचा हिशेब वेगळा असतो."

"आमच्या बाईंनी एकच शिकवलाय," ती म्हणाली आणि खाली बसली.

कनाफ्याला कोणी हात लावला नाही, असं मी लिहिलं असतं, पण ते खोटं होईल. लोकांनी खाल्ला. माझ्या मुलींनी मात्र नाही.

शेगडी न मिळालेल्या दोघींपैकी उम्म घालिबकडे मी माझी नेऊन दिली. मी कोट घालून बसते. दुसरीला बतूलच्या आईने आपल्या घरी झोपायला आणलं. पगारातून दोन शेगड्या मीही घेतल्या असत्या. पण मग अबू मुंथरांचा हिशेब बरोबर ठरला असता, आणि मुलींचा चूक.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. समारंभाच्या दोन दिवस आधी तू मला फोनवर कौतुकाने सांगितलंस, फलक केवढा झाला, कनाफा कुठून येणार. मी विचारलं, पैसे कुठले? तू म्हणालीस, "जमलेत ना त्यातलेच." मला तेव्हाच कळलं होतं. मी गप्प राहिले. ही नोकरी त्यांच्या शब्दावर मिळाली, तुझा संसार आहे, आईचं औषध तेच आणून देतात, अशी कारणं मी रात्रभर रचली. ताई, माझ्या वर्गात वजाबाकी सगळ्यांत आधी मला येत होती, आणि उभी राहिली बतूल.

म्हणून ते क्षमापत्र मी लिहिणार नाही. चौतीस पोरींना बरोबर मोजल्याबद्दल चुकीचं ठरवणारा कागद माझ्या हातून निघणार नाही. आज मुख्याध्यापिकांना तोंडावर तेच सांगितलं. त्यांनी बदलीचा कागद पुढे सरकवला. रविवारपासून वाळवंटाच्या कडेच्या शाळेत, जाऊन-येऊन तीन तास. मी सही करून घेतला. तिथेही तिसरीचाच वर्ग आहे.

सोबत मुलींनी मांडलेला हिशेब पाठवते. खाली चौतीस सह्या आहेत, हनीनची दोनदा, कारण पहिली तिला आवडली नाही. तो अबू मुंथरना दाखव. त्यात एका कुरुशाची चूक निघाली तर मी भर चौकात माफी मागेन. नाही निघाली तर गुरुवारपर्यंत दोन शेगड्या वस्तीत पोचल्या पाहिजेत. नाहीतर मुलींच्या आया तुझ्या दारात येऊन बसतील. त्यांनी ठरवलंय, मी अडवणार नाही. त्यांच्यासोबत मीही असेन.

तू दार उघडशील की नाही, मला ठाऊक नाही. मी तुझ्यावर रागावलेली नाही, फक्त तुझ्यासाठी आता खोटं बोलणार नाही.

तुझी धाकटी बहीण, आणि रविवारपर्यंत तरी बतूलची बाई,
इतिदाल