घरचा बघतो, गावचा बघतो

४ फेब्रुवारी

शिडी अजून परत आली नाही! हे जाऊन बावीस दिवस झाले. माणसं दारात येतात, डोळे पुसतात, "तात्या गेले, गाव पोरकं झालं" म्हणतात. गावाचं गाव बघून घेईल. माझी शिडी कुठाय? कुदळ सुताराकडे, मोठं पातेलं शाळेत, शिडी कुणाकडे ते कुणालाच ठाऊक नाही. माणूस गावाला वाटून टाकला ते टाकला, निदान वस्तू तरी परत द्या!

मास्तर येऊन गेले. रिटायर झाल्यापासून त्यांना उद्योग नाही. तात्यांवर एक लहानसं पुस्तक काढायचंय म्हणे, गावातल्या प्रत्येकाची एकेक आठवण. "काकू, तुम्हीही चार ओळी सांगा." म्हटलं, माझ्या चार ओळी छापल्यात तर ते पुस्तक कुणी हातात धरणार नाही. हसले. त्यांना वाटलं थट्टा करतेय.

ते गेल्यावर ह्यांची वही काढली. पुढची सगळी पानं गावच्या कामांनी भरलेली. कुणाचा दाखला, कुणाचा दवाखाना, शाळेचं दार. मागची पानं कोरी. घराचा नंबर ह्यांच्याकडे कायम मागूनच लागायचा, तेव्हा आपण मागूनच लिहावं.

५ फेब्रुवारी

शिडी आली. एक पायरी तुटलेली. आणणारा वर म्हणतो, "तात्या असते तर बसवून दिली असती." जा बाबा आता!

९ फेब्रुवारी

मास्तरांनी पहिलं पान वाचून दाखवलं. "घर आणि गाव असा भेद तात्यांनी कधी केला नाही." म्हटलं, खोडा ते. केला. रोज केला.

ह्यांचा एक शब्द होता — "बघतो." गावात कुणी काही सांगितलं आणि हे "बघतो" म्हणाले, की माणूस निर्धास्त घरी जाऊन झोपायचा. काम झालंच. गावाला बस सुरू झाली ती ह्या "बघतो"वर. ओढ्यावरचा पूल झाला तो "बघतो"वर. आणि तोच शब्द घरात म्हणाले, की समजायचं, विषय संपला. दाराची कडी — बघतो. मोरीचा पाईप — बघतो. त्या पाईपाखाली मी अकरा वर्षं बादली ठेवली! पोरं लहानपणी खेळायची, "हा गावचा बघतो का घरचा बघतो?" आणि खो-खो हसायची.

मला लिहायला-वाचायला शिकवा म्हटलं, तर तेही "बघतो." मग ह्यांनी शाळेत गावातल्या बायकांसाठी दुपारचा वर्ग काढला. मी जाऊन शेवटच्या रांगेत बसले. गावातली बाई म्हणून. तेव्हा कुठं शिकवलं!

मास्तर पोट धरून हसले. मग पेन सरसावून म्हणाले, "अपत्यं किती लिहू? एक मुलगा..."

"दोन," म्हटलं. "एक मुलगा, एक मुलगी."

सून आतून म्हणाली, "चहा टाकू का?" ह्या घरात धाकटीचा विषय निघाला की चहाच होतो.

१० फेब्रुवारी

कालपासून डोक्यात तेच. लिहून टाकते.

धाकटी बापाच्या मागंमागं असायची. स्वभाव मात्र माझा, फटकळ. लांब दिली. नवरा हात उचलायचा. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मीच म्हटलं होतं, दमानं घे.

सतरा वर्षं झाली त्याला. तेव्हा आमच्याकडे फोन नव्हता, दुकानदाराकडे यायचा. दुपारी हाक आली, ओल्या हातानं पळाले. "आई, तात्यांना सांग, मला येऊन घेऊन जा. आता नाही राहवत इथं." तशीच हापशावर गेले. हे हापसा खोलून बसलेले, कोपरापर्यंत हात काळे, दातात चामड्याचं वायसर धरलेलं. भोवती बायका घागरी घेऊन. मी वाकून कानात सांगितलं. ह्यांनी मान वर केली नाही. वायसर काढून हातात घेतलं नि म्हणाले, "बघतो."

त्याच आठवड्यात आमच्या स्वयंपाकघराच्या छपरासाठी आणलेले चार पत्रे ह्यांनी शाळेला देऊन टाकले होते. मला न विचारता. पोरांच्या डोक्यावर गळतं म्हणे. आणि माझ्या डोक्यावर? मी चार दिवस धुमसत होते.

दिवेलागणीला पुन्हा फोन. हे घरी नव्हते. जेवायलाही आले नव्हते. कुणाला तरी दवाखान्यात घेऊन गेले असतील, नेहमीचंच, असं मी धरून चालले.

"काय म्हणाले तात्या?"

"बघतो म्हणाले."

मग विचारलं, "कुठला, आई? गावचा का घरचा?"

मी म्हटलं, "घरचा."

तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ते घर सोडून निघून गेली. कुठं, कुणाला पत्ता नाही. दोनेक वर्षांनी मुलाला कळलं, लांबच्या शहरात कपड्यांच्या कारखान्यात शिवायला बसते. तो कधीतरी फोन करतो, ती हो-नाही करते. इकडे पाय ठेवला नाही. बाप गेल्याचं कळवलं, तरी आली नाही.

आणि मी ह्यांना सतरा वर्षं वाढलं, औषधं दिली, कपडे धुतले, पण पोरीवरून एक अक्षर बोलले नाही. बोलायचं काय? पोरीपेक्षा हापसा मोठा! तेही बोलले नाहीत. मी समजत होते, बोलायला तोंड नाही म्हणून गप्प.

१६ फेब्रुवारी

मास्तर आज भोंग्याला घेऊन आले. टेम्पोवाला. त्याच्या गाडीचा हॉर्न कधी वाजला नाही, तोच खिडकीतून ओरडत जातो, म्हणून भोंग्या. पुस्तकासाठी आठवण सांगायची म्हणून आला, आणि नुसता कपातल्या चहाकडे बघत बसला. म्हटलं, आता वाज की!

"काकी," म्हणाला, "सांगू नको म्हणाले होते तात्या. पण आता तेच नाहीत. धाकट्या ताईंना आणायला आम्ही गेलो होतो."

मला आधी कळलंच नाही कुठली गोष्ट.

"तुम्ही हापशावरून गेलात नि तात्या उठले. हापसा तसाच उघडा. बायका ओरडायला लागल्या, अहो पाणी! म्हणाले, दोन दिवस ओढ्याचं भरा. मी म्हटलं, तात्या, हात तरी धुवा. नाही धुतले. तसेच बसले गाडीत."

वाटेत टायर फुटला. दुसरा मिळेपर्यंत उजाडलं. पोचले तर दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, तासाभरापूर्वी पहिल्या बसनं गेली. कालपासून पिशवी भरून बसली होती. जाताना म्हणाली, आईनं सांगितलंय तात्या येणार नाहीत, मग आता कुणाची वाट बघू?

तासभर!

"परत येताना तात्या एकच बोलले," भोंग्या म्हणाला. "घरी बोलू नकोस. हिला कळलं तर ही स्वतःला खात बसेल."

हापसा दोन दिवस उघडा होता, हे मला आठवतंय. गावातल्या बायका कुरकुरत होत्या, असं कधी झालं नव्हतं. मीही त्यांच्यात उभी राहून कुरकुरले होते.

मास्तरांचे डोळे भरले. "काकू, ही आठवण पुस्तकात घ्यायलाच हवी!" म्हटलं, घ्या. "घरचा" कोण म्हणालं, तेही घ्या. तर चष्मा पुसत म्हणतात, "अशा पुस्तकात तसं नसतं हो, काकू."

मग काय असतं त्यात!

१७ फेब्रुवारी

भाजीत मीठ जास्त झालं म्हणून सुनेला बोल बोल बोलले. मीठ बरोबर होतं.

१९ फेब्रुवारी

धाकटीला पत्र पाठवलं. नातीकडून लिहून घेतलं, तिचं अक्षर सुबक आहे. मुलगा म्हणत होता, "आई, आता उकरून काय उपयोग? माणूस गेला." म्हटलं, माणूस गेला, खोटं इथंच राहिलं.

नात विचारते, "आजी, क्षमस्व लिहू?" तसले कचेरीतले शब्द नकोत म्हटलं. लिही — तात्या आले होते. तासाभरानं चुकामूक झाली. चूक माझी. मला वाटलं ते येणार नाहीत.

"खाली काय? तुझी लाडकी आई?"

"आई. एवढंच."

तिनं पत्र घडी घालून चिकटवलं. मला एकदा पुन्हा वाचून बघायचं होतं. राहिलं.

२७ फेब्रुवारी

हापसा बंद पडला. बायका सवयीनं आमच्याच दारात. पुढची म्हणाली, "तात्या—" आणि जीभ चावली. मुलगा बाहेर आला. म्हणाला, "बघतो." त्यांनी एकमेकींकडे बघितलं, घागरी उचलल्या आणि ओढ्याकडे चालू लागल्या. तो उंबऱ्यात तसाच उभा. बिचारा. शब्द वारशानं येत नाही.

ह्यांचे पाने-पकडी काढून ठेवले. गंजलेत. कुणी मागायलाही आलं नाही. हे असताना महिनाभर कधी घरात टिकले नव्हते.

मास्तरांचं पुस्तक छापायला गेलं. भोंग्याची आठवण आहे, माझा शब्द गाळलाय. शेवटी लिहिलंय, "काकूंनी त्यांना मोलाची साथ दिली." साथ!

६ मार्च

पोस्टमन दारावरून गेला. थांबला नाही.

७ मार्च

आजही नाही. मीच तिच्या जागी असते तर लिहिलं नसतं.

११ मार्च

पत्र आलं. नातीनं मोठ्यानं वाचायला घेतलं, मी हातातून काढून घेतलं. एकटीनं वाचलं, एकेक ओळ तीनतीनदा. सगळी दुपार लागली.

लिहिते — तात्या आले होते, हे मला पुढच्याच वर्षी कळलं. पत्ता शोधत तेच आले. नंतर दर दोन-तीन महिन्यांनी यायचे, कचेरीत काम आहे असं घरी सांगून. माझा नळ, माझी शिलाई मशीन त्यांनीच सांभाळली. जाताना दर वेळी म्हणायचे, घरी चल. मी म्हणायचे, आईला बोलवू दे. तुला सांगायचं नाही, अशी शपथ त्यांनी मला घातली होती. ते गेल्याचा दादाचा फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, "ये, असं आई म्हणालीय का?" त्यानं दहाव्याची तारीख सांगितली.

पुढं लिहिलंय — तू म्हणतेस, तुला वाटलं ते येणार नाहीत. मी तुला ओळखते, आई. खरंच तसं वाटलं होतं, का त्यांच्यावरचा राग माझ्यावर काढलास? मला तेवढंच कळव, बाकी काही नको.

आणि त्याच्याखाली रेघ ओढून, मोठ्या अक्षरात — उत्तर आईनं द्यायचं. दादानं नाही, वहिनीनं नाही, भाचीकडून लिहून घ्यायचं नाही. आईनं.