ठमीने आवाज टाकला तेव्हा

अहो,

उभ्या आयुष्यात तुम्हाला नावानं हाक मारली नाही, ती पत्रात काय मारणार! खरं तर लिहायचं होतं डॉक्टरांसाठी. बंडूचा श्वास बिघडलाय. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, "माताजी, दस बजे ले आइए. और कब से क्या-क्या दिखा, सब लिखकर लाइए." म्हणून तुमची वही काढून बसले. 'कधीपासून' लिहिलं आणि हात थांबला. मग म्हटलं, आधी तुम्हालाच सांगते.

आपली ठमी गेली हो. गेल्या रविवारी. तुम्हाला जाऊन सव्वा महिना होत नाही तोवर तुमचं लाडकं बदक मी घालवलं. हो, मीच!

रिटायर झाल्यावर तुम्ही ही जोडी आणलीत, मागच्या अंगणात टब भरून ठेवलात, तेव्हापासून मी कावलेली. बंडू नर, त्याचा आवाज मुळातच बसका. पण ठमी! सकाळी सुरू झाली की सगळा दौलतगंज मोहल्ला उठवायची. "हिचं तोंड बंद करा हो कुणीतरी," मी म्हणायचे. तुम्ही हसायचात. "घरात दोन बायका आहेत, एकीचं तरी चालू राहणारच."

तुमच्या दहाव्यानंतर तिचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग नुसती चोच हलायची, मग तेही नाही. तेराव्याला घर माणसांनी भरलेलं, आणि ही तुमच्या खुर्चीखाली पिसं फुगवून गप्प! वन्संनी डोळ्यांना पदर लावला. "वहिनी, बघा हो, मुक्या जिवालाही कळलं. दादाच्या दुःखानं आवाज टाकला तिनं." सगळ्यांनी तिचे फोटो काढले. मी तिच्यापुढे वरणभाताचा घास ठेवला, तिनं चोचही लावली नाही, तशी मला रडू कोसळलं. खोटं कशाला सांगू? बरंही वाटलं. वाटलं, रडणारी मी एकटीच नाही.

तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात फेस यायचा, साबणाच्या बुडबुड्यांसारखा. मी समजले, रडतेय. बदक कधी रडतं का हो? सदुसष्ट वर्षांच्या बाईला एवढी अक्कल नको? मग ती पाण्यात जाईना. मान ताणून, चोच उघडी टाकून बसायची. जून महिन्यात उकाड्यानं अशी धापत बसली असती तर गोष्ट वेगळी, इथे माझे हात थंडीनं वाकडे होतायत! तरी डोळे असून मी आंधळीच राहिले.

शेवटी शेजारीण ओरडली म्हणून दवाखान्यात नेलं. मी आपली डॉक्टरांना समजावतेय, "हमारे साहब चले गए ना, उसी का ग़म बैठ गया इसको." त्यांनी तिच्या शेपटीकडे बोट दाखवलं. दर श्वासाला वर-खाली, वर-खाली, हातपंप चालवावा तशी. "माताजी, ये ग़म नहीं है, फेफड़ा है. आवाज़ कब गई?" म्हटलं, वीसेक दिवस झाले. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "साँस कम पड़े तो जानवर सबसे पहले बोलना छोड़ता है."

खाली काय अंथरता, तेही विचारलं त्यांनी. तुमच्या तिसऱ्या दिवशी थंडी वाढली, तेव्हा मी गच्चीवरची कूलरची जुनी घास, ते जाळीतलं गवत, आणून दोघांना गादी करून दिली होती. पावसाळ्यात भिजलेली, आतून काळी. चांगली घास फेकायची कशाला! मूठभर दाखवायला नेली तर डॉक्टरांनी नाकावर रुमाल धरला. बुरशी होती ती, रोज श्वासाबरोबर तिच्या फुप्फुसात जात होती. औषध दिलं, पण दोन दिवसांत आटोपलं सगळं. घास मग मी फेकली. बैल गेला नि झोपा केला!

पण डॉक्टरांचं ते वाक्य, अहो, ते मला जगू देत नाही.

दिवाळीनंतर तुम्हीही बोलणं सोडलं होतंत. पायऱ्यांवरच्या घाणीवरून मी तोडून बोलले होते, "या घरात एक तर बदकं राहतील, नाही तर मी." त्यानंतर तुमचं नुसतं हं, हो, नको. मी म्हटलं, रुसले. मग मीही अबोला धरला. नऊ दिवस! चहाचा कप ठेवायचे आणि पाठ फिरवायचे. तुम्ही तोंड उघडायचात, दोन शब्द बोलून थांबायचात. उशा रचून बसल्या बसल्या झोपायचात, मला ते नाटक वाटायचं. दहाव्या दिवशी दवाखान्यात नेलं तेव्हा वेळच उरला नव्हता. छातीत पाणी भरलं होतं म्हणे, केव्हापासून.

तुम्ही रुसला नव्हतात. तुम्हाला दम पुरत नव्हता. हो ना? सांगा ना हो! आणि तुम्ही तरी का गप्प राहिलात? पदर ओढायचा होतात. कप फेकायचा होतात माझ्या अंगावर! मी काय कसाई होते?

आज सकाळी बंडू दाणा टाकून भिंतीशी जाऊन बसला. याचा आवाज जन्मापासूनच बसका, याचं मी काय ऐकू? म्हणून त्याच्यासमोर फरशीवर बसलेय. नाकपुडीशी चिकट पाणी आहे. दोनदा शिंकला. पाठीला कान लावला तर आत बारीक किटकिट. शेपटी हलतेय, थोडीच, पण हलतेय. चोच अजून मिटलेली आहे. मिटलेलीच राहू दे रे देवा! तुमच्या हातचं एवढंच उरलंय. हाही गेला तर मी काय करू?

मघाशी वन्संचा फोन आला. "जोडीदारीण गेली, त्याचं मन लागत नसेल." मी ओरडले त्यांच्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. "मन नाही वन्सं, फेफडं आहे!" बिचाऱ्या घाबरल्या. त्यांची माफी मागीन नंतर.

डॉक्टरांसाठी वेगळ्या पानावर लिहिलंय, 'आज सकाळपासून.' एका दिवसाचाही उशीर नाही यावेळी.

ऑटोवाला हॉर्न देतोय. जाता जाता वचन देते. आता माझ्यासमोर कुणी गप्प झालं, माणूस असो की पाखरू, मी आधी जवळ जाऊन त्याचा श्वास बघीन. रुसायचं काय ते मागाहून. बंडूला मांडीवर घेऊन जाते, वाटभर त्याचे श्वास मोजीन. तुमच्या शेजारी नऊ रात्री झोपले, आणि तुमचा एकही मोजला नाही.

तुमची,
मालती