पुडीत काय आहे

मोहने, कल्याण
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय डॉरिस बाय,

देवाच्या दयेने इकडे सगळे बरे आहेत. दोन तारखेला कबरस्थानात जाऊन मायची कबर धुतली. तुझ्या नावाचीही मेणबत्ती लावली. डिनोच्या मुलीला पहिला दात आला आहे. ती आता सूनबाईला, ट्रिशाला, चावते.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तुझ्या ब्रेंडाने उचलला आणि "मम्मी, व्हिक्टरमामा" म्हणून स्पीकर लावला. स्पीकरवर मला तब्येतीपलीकडे काही विचारता आलं नाही.

शुक्रवारी तुझ्या मणक्यात सिमेंट भरणार. ते भरून घे. मागच्या महिन्यात मी तुला म्हणालो होतो, "कापून घ्यायला चाललीस, मायचा हात विसरलीस." ते शब्द मागे घेतो. पट्टा बांधून सहा आठवडे पडून राहिलीस, उपयोग झाला नाही. फिजिओथेरपी सोसवली नाही. डॉक्टर म्हणतात आता सिमेंट, आणि त्यानेही जमलं नाही तर स्क्रू. ते सांगतात तसं कर. गुडघ्यांचंही त्यांनाच विचार.

रविवारी ब्रेंडा इथे आली होती. ओटीवर औषधाला आलेली नऊ-दहा माणसं बसलेली. ती दारातूनच म्हणाली, "मामा, मी लाइन लावणार नाय हां, मी व्हीआयपी." तुझ्यासाठी दहा पुड्या मागितल्या. ऑपरेशनआधी अंगात जोर हवा म्हणून. मी विचारलं, डॉक्टरांना पुडीचं सांगितलंय ना?

"नाय ओ. त्यांनी विचारलेलं, दुसरी कुठली गोळी, देशी औषध? मम्मी सरळ नाय बोलली. बाहेर आल्यावर मला बोलते, मायचं औषध आहे, नाव काढलं तर गुण जातो." आणि हसली. "तुम्ही भावंडं पण ना मामा, एक नंबर आहात."

मीही हसलो. दहा पुड्या बांधून दिल्या.

हा नेम तू लहानपणापासून पाळलास. माय पहाटे टेकडीवरून मुळी आणायची. कुठली, ते कुणाला सांगायची नाही. मुळीचं नाव घेतलं की औषध मेलं, म्हणायची. तू कधी विचारलंही नाहीस. मी नऊ वर्षांचा असताना मागोमाग गेलो, झाड पाहिलं आणि शेजारच्या पोरांना सांगून टाकलं. त्यानंतर मायने मला काही दाखवलं नाही. ते झाडही आज मला ओळखता येणार नाही. टेकडीवर आता इमारती आहेत.

बाय, मायची मुळी मायबरोबर गेली. नेम त्या मुळीचा होता. माझ्या पुडीला तो लागू नाही.

कल्याणच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं कंपाउंडर होतो, हे लोक विसरले. तूही विसरलीस. चार वर्षांपूर्वी देवळाच्या पायऱ्या तू बसून, एकेक करत वर सरकत होतीस. ते मला बघवलं नाही. मी पहिली पुडी केली ती तुझ्यासाठी. तिसऱ्या दिवशी देवळात मिस्साला तू गुडघे टेकलेस. बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलंस, मायचा हात व्हिक्टरला आला. मी नाही म्हणालो नाही. पुढच्या आठवड्यात ओटीवर सहा माणसं होती.

डिनोच्या लग्नात सगळे म्हणत होते, डॉरिसच्या अंगाला लागलंय. तुझा चेहरा गोल झाला होता. दंडावर निळे डाग होते. बांगड्या भरताना लागलं, असं तू म्हणालीस. दोन्हीचं कारण मला तिथेच कळलं. मी तुझ्या ताटात आणखी इंदियाल वाढलं.

भरलेली बादली उचलताना मणका दबला, असं तू सांगतेस. ब्रेंडा म्हणाली, बादली अर्धी होती. हाडं ऐंशीच्या बाईची झाली आहेत असं डॉक्टर म्हणाले, आणि तू म्हणालीस, वय झालं आता. तू त्रेसष्टची आहेस. तुझी हाडं मी पोकळ केली.

शनिवारी फादरकडे कुमसाराला गेलो होतो. खोटं बोलतो, एवढंच पाप सांगून उठलो.

आता लिहितो. पुडीत प्रेडनिसोलोनची दहा मिलिग्रॅमची एक गोळी असते, कुटलेली. दुखणं दाबणाऱ्या डायक्लोफिनॅकची अर्धी. बाकी सुंठ, आणि रंगासाठी हळद. रोज एक पुडी, चार वर्षं दोन महिने.

पहिल्या गोळीला स्टेरॉइड म्हणतात. डॉक्टरने मोजून, थोडे दिवस दिली तर ते औषध आहे. मी दिली तशी दिली तर चेहरा सुजतो, कातडीवर निळे डाग पडतात, हाड आतून खाल्लं जातं. शिवाय शरीर स्वतःचं तसलं द्रव्य बनवायचं सोडून देतं. मग ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो, आणि पुडीचं ठाऊक नसेल तर डॉक्टरांना कारण कळणार नाही. म्हणून त्यांना आधी कळायला हवं. शुक्रवार पुढे गेला तर जाऊ दे. आणि पुडी आपल्या मनाने बंद करू नकोस. एकदम बंद केली तरी तोच धोका. कशी कमी करायची ते त्यांनाच सांगू दे.

रविवारी याच कारणासाठी पुड्या दिल्या, असं मी दोन दिवस स्वतःला सांगत होतो. पण ब्रेंडाला बाजूला घेऊन खरं सांगता आलं असतं. ओटीवरची माणसं ऐकत होती.

आज सकाळी ओटीवरच्या प्रत्येकाला गोळीचं नाव लिहून चिठ्ठी दिली, हे घेऊन डॉक्टरकडे जा म्हणालो. हौसाबाईने चिठ्ठी माझ्याच खिशात कोंबली. "येडा झालास का रे? नाव काढलंस तर गुण जाईल ना!"

उद्या ट्रिशा कामाला ठाण्याला येईल तेव्हा तिच्याजवळ दोन पाकिटं असतील. ती आधी हॉस्पिटलात जाऊन डॉक्टरांचं पाकीट देईल, मग माजिवड्याला तुझ्याकडे येईल. तू हे वाचशील तेव्हा त्यांना सगळं कळलेलं असेल. त्यात माझं पूर्ण नाव आणि पत्ता आहे. त्यांनी पुढे कुणाला कळवायचं ते कळवावं. तुला आधी विचारलं असतं तर तू मला वाचवलं असतंस.

शुक्रवारी मी हॉस्पिटलच्या खाली बसेन. बोलावलंस तरच वर येईन.

हाताला गुण नसलेला,
तुझा भाऊ
व्हिक्टर