पाणथळीतली चारी

ता. घनसावंगी
शुक्रवार, २४ जानेवारी

चि. सौ. शीतल हिला आईचा अनेक आशीर्वाद.

इकडं सगळं बरं आहे. गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या बापूंचा गुडघा थंडीनं धरतो, तरी रानात जाणं सोडत न्हाईत. ही चिठ्ठी गोजरबाईच्या हाती देते, ती तुमच्या शहागडला तिच्या लेकीकडं येतेय. फोन केला की जावईच उचलतात, म्हणून लिहिते.

यंदा आपल्या पाणथळीत चक्रवाक उतरले. दोन उन्हाळे आम्ही बायकांनी तिथली बेशरमाची झुडपं उपटली, हात सोलून निघाले. मंग लव्हाळा परत आला, पाणी पौषातही टिकलं. शेजारच्या साळूबाईच्या विहिरीलासुद्धा पाणी आहे.

मंगळवारी तिथं जेसीबी आला. नदीकडं चारी खोदून सगळं पाणी सोडायचं, अन् खाली ऊस लावायचा. मी मशीनपुढं जाऊन बसले.

मशीन कोणाचं, तुला ठाऊक असेल. सोमेश्वरराव खाली उतरले.

"मामी, उठा."

"हे गावाचं पाणी हाय, जावईबापू. मी न्हाई उठत."

ते जवळ आले, हळूच म्हणाले, "बसा मंग. घरी गेल्यावर मी शीतलकडं बघतो."

मी उठले.

साळूबाई मागून ओरडत होती, "उषा, बस खाली!" मी वळून पाह्यलं न्हाई. सांजेपर्यंत अर्धं पाणी गोदावरीत गेलं. चिखलात मासे तडफडत होते. माझ्या डोळ्यांपुढं तुझं काळंनिळं मनगट होतं. दिवाळीत तू बांगडी रुतली म्हणालीस. शीतल, बांगडी अशी रुतत न्हाई.

काल बायकांनी मातीची पोती टाकून चारी बुजवली. मी घरात बसून राह्यले. सोमवारी मशीन परत आणतो, असा त्यांनी निरोप धाडलाय.

बापूंना रात्री सगळं सांगितलं. मंग म्हणाले, "आधी लेक घरी आण."

गोजरबाई रविवारी सकाळच्या गाडीनं परत निघेल. तिच्यासंगं ये. सामान घेऊ नको, देवदर्शनाला जाते म्हण. बापू घनसावंगीच्या स्टँडवर थांबतील.

पाण्यासाठी ये म्हणत न्हाई. पाणी गेलं तरी तू यायचंच. पण तू माझ्या घरात असलीस, तर सोमवारी मला कोणी उठवू शकणार न्हाई.

आधी तुझी, मंग गावाची,
आई