फुगणारा हातमोजा

लॉनी, लेका,

सहा वर्षं बेसबॉलमध्ये तू माझा कॅचर होतास; मी टाकलेला प्रत्येक चेंडू तू झेलायचास. शेवटच्या डावात सामना वाचवायला मला बोलावलं, की समोर तू उकिडवा बसलेला असायचास. जुलैत क्लबने तुला दुसऱ्या टीमला देऊन टाकलं, आणि ऑगस्टमध्ये त्याच टीमने माझा प्रत्येक हळू चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. जणू आधीच माहीत होता. मी म्हटलं, लॉनीनेच घात केला. तुझ्या लग्नातला आपला फोटो भिंतीवरून काढला.

काल सासूबाई मक्याची कणसं सोलत आपल्या जुन्या सामन्याचं रेकॉर्डिंग बघत होत्या. त्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. तरी दर वेळी आधीच म्हणायच्या, "आता हळू येणार!"

"कशावरून?"

"अहो जावईबापू, हळू टाकायचा असला की आत चेंडू पकडताना तुमचा हातमोजा फुगतो की!"

म्हणजे कुणी चुगली करायची गरजच नव्हती. म्हणून माफी मागायला हे पत्र लिहायला घेतलं. पण आता टाकणार नाही. तू काहीही उत्तर दिलंस तरी मला ते खरं वाटायचं नाही. सासूबाईंना अर्ध्या तासात दिसलं, ते तुला सहा वर्षांत दिसलं नाही? की दिसलं, आणि जपून ठेवलंस?

तुझा पिचर,
ड्वेन