ॲसिड्युअस

मंगळवार, दिवे लागल्यावर. तारकर्ली

हात अजून चुरचुरतायत. आमच्याकडे पर्यटक म्हणून उतरलेल्या दिल्लीच्या बाई आज सकाळी निघताना माझा हात धरून, हसून इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. त्यातलं मला फक्त 'ॲसिड' कळलं. म्हणजे बाथरूममध्ये वास राहिला असणार. डाग जावेत म्हणून परवा मीच ओतलं होतं. मग काय, दुपारभर पाणी ओतून फरशी घासत बसले. पण वासाची तक्रार कोण हसून करतं? हे आधी का नाही सुचलं?

मघाशी मुंबईहून लेकीचा फोन आला. बाई काय म्हणाल्या ते आठवेल तसं बोलून दाखवलं, तर ती पोट धरून हसली. "आई, ॲसिड नाय गो, ॲसिड्युअस! न कंटाळता, मन लावून काम करणारी."

न कंटाळता! त्या बाईंना कोणी सांगितलं? पाहुण्यांसमोर कंटाळा दाखवला तर पुन्हा येईल का कोणी?

तरी शब्द आवडला. भाकऱ्यांचं पीठ मळताना दोनदा म्हणून पाहिला. मग टीव्हीवर बातम्या बघत बसलेल्या ह्यांना सांगितलं, "आयकलात? मी ॲसिड्युअस आसंय."

"ॲसिडिटी? मगे आधी सांगूक नको? बस थंयच. जेवणाचा मी बघतंय."

आणि खरंच उठले. कोकमाचं सरबत करून माझ्या हातात दिलं. आता आत भांडी वाजतायत, काहीतरी करपल्याचा वासही येतोय.

खरा अर्थ सांगितला तर म्हणतील, "मगे ऊठ."

नाही सांगत.